किल्ला डावीकडे होता

गेल्या महिन्यात कल्याणच्या आमच्या जुन्या गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका घरी आली. जाड कागद, रंगीत छपाई, मधूनमधून जाहिराती. 'जुन्या गमतीजमती' या पानावर सहा ओळींचा मजकूर होता. पन्नास सालानंतर केव्हातरी मंडळाच्या मांडवात एका गृहस्थांनी अलेक्झांड्रिया शहरावर व्याख्यान दिलं, त्यात त्यांनी सूर्य पूर्वेला मावळवला आणि एका श्रोत्याने त्यांची थाप जागच्या जागी पकडली, असं त्यात होतं. खाली हसणाऱ्या सूर्याचं चित्र.

मी ते पान दोनदा वाचलं. त्या गृहस्थांनी थाप मारली नव्हती. सूर्य पूर्वेला मावळवला तो मी. त्या दिवशी मी मांडवात तिसऱ्या रांगेत बसलो होतो आणि गप्प राहिलो होतो. आता माझी पंच्याऐंशी उलटली. ते नाहीत, त्यांच्या पत्नी नाहीत, त्या रांगेतलंही कोणी उरलेलं माझ्या माहितीत नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

त्यांचं नाव लिहीत नाही. स्मरणिकेत ते आलं नाही तेवढं एक बरं झालं. कल्याणच्या मोजणी कचेरीत आम्ही त्यांना तोंडावर काका म्हणायचो आणि पाठीमागे कप्तान. कप्तान ते कधीच नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराच्या नकाशे काढणाऱ्या तुकडीत हवालदार होते. लढाई संपल्यावर परत आले आणि आमच्या कचेरीत नकाशांच्या नकला काढणाऱ्यांचे प्रमुख झाले. उंच, वाळलेले, बंद गळ्याचा कोट, बगलेत छत्री. पायांत लष्करातले बूट, तळ कितव्यांदा बदललेला ते चांभारालाच माहीत.

ते चालताना पावलं मोजत. तीस इंचांचं एक पाऊल, त्यात कधी फरक नाही. भाजीवाली कुठे बसते असं विचारलं तर सांगत, "पारनाक्यापासून एकशे बारा पावलं, उजव्या हाताला. पण आज मंगळवार, आज ती बसत नाही." त्यांची दुसरी सवय अंगठ्याची. कुठलीही सपाट वस्तू हातात आली की आधी तिच्यावरून अंगठा फिरवायचा. केळीचं पान असो, पापड असो, लग्नाची पत्रिका असो. आमच्या कामात नकला ट्रेसिंगच्या कापडावर काढत. त्या कापडाची एक बाजू गुळगुळीत, चकचकीत आणि दुसरी किंचित खरखरीत. शाई खरखरीत बाजूवर चालवायची. कापड इतकं पारदर्शक की काढलेली रेघ दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. अक्षरं असली तर ती उलटी दिसून चूक कळते. अक्षरं नसली तर डोळ्यांना काही कळत नाही.

"म्हणून डोळ्यांना विचारायचं नाही," काका मला पहिल्याच दिवशी म्हणाले. "अंगठ्याला विचारायचं. बाजू बघितलीस?"

"बघितली."

"मग आता शाई वाळू दे. घाई कोणाची आहे? जमीन कुठे पळून जाते?"

'बाजू बघितलीस?' आणि 'शाई वाळू दे' ही दोन वाक्यं मी त्यांच्याकडून हजार वेळा ऐकली असतील. काकू सांगायच्या की लग्नात अंतरपाट समोर आला तेव्हा त्यांनी त्यालाही अंगठा लावून बघितला होता. त्यावर काका म्हणत, "लावला. सरळ होता."

अलेक्झांड्रियात त्यांनी आयुष्यातली एकच दुपार घालवली होती. दुपार म्हणजे कलती दुपार, जेमतेम अडीच तास. तुकडी दुसरीकडे निघाली होती, आगगाडीला वेळ होता, सुट्टी मिळाली. बाकीचे बाजारात पांगले. काकांनी एक घोडागाडी केली. गाडीवान म्हातारा होता. त्याला यांची भाषा येईना, यांना त्याची. पण त्याने यांना सगळं गाव दाखवलं. प्रत्येक ठिकाणी घोडा थांबवायचा, चाबकाने दाखवायचं आणि एक वाक्य बोलायचं. काकांना एकाही वाक्याचा अर्थ कळला नाही, पण आवाज मात्र सगळे लक्षात राहिले. त्याच संध्याकाळी आगगाडीत बसून त्यांनी हातरुमालाएवढ्या ट्रेसिंगच्या तुकड्यावर त्या फेरीचा नकाशा काढला. नावं घातली नाहीत. लढाईचे दिवस, बंदराचा नकाशा, कोणाच्या हाती लागला तर पंचाईत. नुसत्या रेघा आणि ठिपके.

कल्याणला नोकरीवर रुजू झाले त्याच आठवड्यात ते खाडीवर फिरायला गेले आणि थबकले म्हणे. पाठीशी गाव, समोर उत्तरेला पाणी, काठ कोयरीसारखा वळलेला आणि डाव्या टोकाला दुर्गाडीचा किल्ला. तिथेही असंच होतं. पाठीशी गाव, समोर उत्तरेला समुद्र, अर्धगोल धक्का आणि डाव्या टोकाला किल्ला. "आपल्या मुलखात इतक्या खाड्या," ते म्हणायचे, "पण डावं-उजवं जुळणारं गाव हे एकच."

मग त्यांनी फेरी सुरू केली. पावसाळा सोडून दर रविवारी पावणेपाचला पारनाक्यावरून निघायचं. कोणीही यावं. कधी चार जण असत, कधी पंधरा. शिक्षक, वकिलांचे कारकून, पाहुणे आलेले जावई. छत्रीचा चाबूक करून काका पुढे चालत आणि कल्याणच्या रस्त्यांवरून आम्हांला अलेक्झांड्रिया दाखवत.

एका पिठाच्या गिरणीसमोर ते थांबत, छत्री वर करत आणि त्या गाडीवानाचं वाक्य त्याच्याच घोगऱ्या आवाजात म्हणून दाखवत.

"म्हणजे काय, काका?"

"मला माहीत नाही. इमारत मोठी, खांब चार. बोलताना त्याने टोपी सारखी केली. त्यावरून कोर्ट असावं. तुरुंगही असेल. मी आत गेलो नाही."

हे त्यांचं मोठेपण मला फार उशिरा कळलं. जे बघितलं ते बघितलं म्हणत. जे अंदाजाने सांगायचं ते अंदाज म्हणून सांगत. मी आयुष्यात पुष्कळ प्रवासी बघितले, परदेशाहून आलेलेही. इतक्या काटेकोरपणे 'मला माहीत नाही' म्हणणारा दुसरा बघितला नाही.

तेलाच्या घाण्याजवळ आलो की म्हणत, "इथे कॉफीचा वास. भाजलेल्या कॉफीचा. घ्या." आणि पंधरा माणसं शेंगदाण्याच्या तेलाचा वास नाकात भरून माना डोलवत. पुढे एका दुमजली घरापाशी ते वर बघत. "तिथे एक बाई सज्जात उभी राहून गालिचा झटकत होती. तिने आमच्याकडे बघितलं नाही." त्या घरात एक प्रौढ बाई राहत. पहिले काही रविवार त्यांनी हे ऐकलं असावं. नंतर आमची फेरी कोपऱ्यावर दिसली की त्या बरोबर सज्जात येत आणि चटई झटकत. आमच्याकडे एकदाही न बघता. काका छत्री किंचित वर करत आणि आम्ही पुढे जात असू. त्या दोघांचं कधी एक वाक्य बोलणं झालेलं मला माहीत नाही.

काकू फेरीला कधी आल्या नाहीत. "तिच्याकडे मी कशाला जाऊ?" त्या म्हणत. "अलेक्झांड्रिया माझी सवत. अडीच तासांची ओळख, आणि अजून रविवार तिचा."

फेरीचा शेवट खाडीच्या काठावर होई. रेतीच्या होड्या लागलेल्या असत. काका एकेकाजवळ येत, त्याचे खांदे दोन्ही हातांनी धरत आणि त्याला हलकेच डावीकडे वळवत. त्या गाडीवानाने त्यांना असंच वळवलं होतं. गाडीतून उतरवलं, खांदे धरले, किल्ल्याकडे तोंड केलं आणि तो पहिल्यांदाच काही न बोलता उभा राहिला. सूर्य किल्ल्यामागे उतरत होता. इथेही उतरत असे. हिवाळ्यात थोडा डावीकडे, उन्हाळ्यात थोडा उजवीकडे, पण किल्ल्याच्याच बाजूला. सगळे गप्प उभे राहत. मग काका म्हणत, "झालं. गाडीची वेळ झाली." आणि लोक घरोघर जात.

मीही तीसेक वेळा त्या फेरीला गेलो असेन. माझे खांदेही त्यांनी तितक्याच वेळा वळवले. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे जे झालं त्याला माझ्याजवळ काही सबब नाही.

त्या वर्षी मंडळाने काकांचं व्याख्यान ठेवलं. अध्यक्ष आमच्याच कचेरीचे साहेब. काका चार दिवस नीट जेवले नाहीत, काकू म्हणाल्या. मांडवात दोनशे माणूस बसणार, तेव्हा मोठा नकाशा हवा. ते काम त्यांनी मला दिलं. मी तेव्हा हंगामी होतो. दोन महिन्यांपूर्वीच माझ्याबरोबरच्या एका हंगामी मुलाने नकलेत विहीर बांधाच्या दुसऱ्या बाजूला दाखवली होती. साहेबांनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं होतं. माझ्या घरी म्हातारे आईवडील, दोन बहिणी आणि पगार माझा एकट्याचा.

काकांनी तो ट्रेसिंगचा तुकडा रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिला. "चौकटी आखून मोठा कर. खाली उजव्या कोपऱ्यात तुझ्या नावाची अक्षरं घाल. काम ज्याचं, अक्षरं त्याची."

कचेरीचं काम संपवून मी दोन संध्याकाळी बसलो. तुकडा टेबलावर पसरला तो चकचकीत बाजू वर करून. दिव्याच्या उजेडात त्या जुन्या कापडाच्या दोन्ही बाजू डोळ्यांना सारख्याच दिसल्या. अंगठा लावला नाही. घाई होती. खालच्या डाव्या कोपऱ्यात शाईचं एक बारीक वर्तुळ दिसलं. नावं नसलेल्या नकलेवर सरळ बाजू ओळखण्यासाठी उजव्या कोपऱ्यात असं वर्तुळ काढायची आमच्याकडे पद्धत होती. ते डावीकडे दिसलं याचा अर्थ एकच होता. मला तो डाग वाटला. मी चौकटी आखल्या, रेघा मोठ्या केल्या, समुद्र निळा रंगवला, किल्ल्याचे बुरूज काढले. साहेबांना दिशेचा बाण नसलेला नकाशा चालत नसे, म्हणून वर उत्तर दाखवणारा ठसठशीत बाणही काढला. किल्ला उजवीकडे आला, म्हणजे पूर्वेला.

तीस रविवार मी त्या काठावर डावीकडे तोंड करून उभा राहिलो होतो, आणि नकाशात किल्ला उजवीकडे आलेला मला दिसला नाही. आमच्या कचेरीची ही जुनी खोड. कागदावर आहे ते खरं. पायाखालची जमीन वेगळं सांगत असेल तर जमीन पुन्हा मोजायची.

व्याख्यानाच्या दिवशी मी नकाशा गुंडाळून थेट मांडवात नेला. टांगण्याआधी काकांना म्हणालो, "एकदा बघता का?"

"तू काढलास ना? मग बघायचं काय त्यात?"

केळीच्या पानालाही अंगठा लावणारा माणूस. त्यांनी न तपासलेली ती एकच गोष्ट.

व्याख्यान सुरेख रंगलं होतं. नकाशाकडे पाठ करून, डोळे अर्धे मिटून ते बोलत होते. कॉफीचा वास झाला, गालिचा झाला. बायकांच्या बाजूला सज्जातल्या त्या बाई बसल्या होत्या, त्या हसल्याशा वाटल्या. मग काका म्हणाले, "आणि सूर्य किल्ल्यामागे उतरत होता..."

"एक मिनिट, एक मिनिट," पुढच्या रांगेतले एक वकील उठले. गावातले हजरजबाबी गृहस्थ. "कप्तान, तुमच्या नकाशात बाण वर आहे. म्हणजे किल्ला झाला पूर्वेला. तिकडे मिसरात सूर्य पूर्वेला मावळतो की काय हो?"

मांडव हशाने फुटला.

"सकाळी उठले असतील आणि संध्याकाळ समजले असतील!" मागून कोणीतरी ओरडलं.

"अहो, गाडीतून उतरले तरी होते का? की झोपेतच फिरून आले?"

"कल्याणच्या खाडीलाच अलेक्झांड्रिया म्हणतात ते! आम्ही म्हणतच होतो!"

हसणाऱ्यांत फेरीला येणारे निदान वीस जण होते. किल्ला कुठल्या हाताला असतो हे त्यांना पाठ होतं. एकाच्याही डोक्यात आलं नाही.

काका वळले. नकाशाकडे त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. किती वेळ बघितलं ते सांगता येत नाही, पण मला ते फार वाटलं. मग त्यांचा उजवा अंगठा कोटावरून एकदा फिरला. त्यांना कळलं होतं. त्या रेघांवरून मी कापड कसं पसरलं होतं हेसुद्धा त्यांनी ओळखलं असणार. त्यांनी फक्त एवढंच म्हणायचं होतं की नकाशा उलटा काढला गेला आहे. एक वाक्य. साहेब तिथेच, व्यासपीठावर, खुर्चीत बसले होते.

ते नकाशाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यासमोर जाऊन उभे राहिले. त्या कोपऱ्यात माझी अक्षरं होती. छत्री टेकून, कोट सारखा करून उभे राहिले आणि म्हणाले, "माझं चुकलं असेल. बरीच वर्षं झाली."

लोक आणखी हसले. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि आभाराचे दोन शब्द बोलले. मांडव रिकामा होईपर्यंत काका त्या कोपऱ्यासमोरून हलले नाहीत. मग त्यांनी स्वतः नकाशा उतरवला, गुंडाळला आणि बगलेत घातला. मी पुढे गेलो. ते म्हणाले, "सोमवारी लवकर ये. गांधारी गावच्या गटाची नक्कल राहिली आहे."

बस. त्याविषयी ते पुन्हा बोलले नाहीत. सहा महिन्यांनी मी कायम झालो. शिफारस त्यांनीच लिहिली होती. तिच्यात एक वाक्य होतं, 'कामात काळजी घेतो.'

फेरी बंद पडली. पावसाळा संपल्यावर रविवारी पारनाक्यावर दोन-तीन माणसं जमली, थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. गावात 'कप्तानाचा सूर्य' हा विनोद झाला होता. एखादी गोष्ट उलटी झाली की लोक तसं म्हणत. काका कचेरीला जाताना पोरं मागून ओरडत. ते पावलं मोजत पुढे जात. मी एका रविवारी पावणेपाचच्या पुढे त्या दुमजली घरावरून गेलो. त्या बाई सज्जात चटई घेऊन उभ्या होत्या. रस्त्याच्या कोपऱ्याकडे बघत होत्या. बराच वेळ थांबून त्यांनी चटई न झटकता घडी केली आणि आत गेल्या. पुढचे दोन रविवारही मी त्यांना तसंच बघितलं. मग मीच तो रस्ता सोडला.

सेवानिवृत्त झाल्यावर काका डोंबिवलीला मुलाकडे राहायला गेले. मी भेटायला जायचं ठरवत होतो आणि टाळत होतो. शेवटी गेलो तेव्हा त्यांची नजर बरीच गेली होती. काकूंनी दार उघडलं. "ये. आता रविवार माझाच आहे," त्या म्हणाल्या. "सवत गेली. पण तुला सांगते, घर सुनं झालं रे."

काका पलंगावर बसले होते. मी त्यांच्याजवळ बसलो आणि एका दमात म्हणालो, "काका, तो नकाशा मी उलटा काढला होता."

"चहा घेतलास?"

"काका, तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी उशीखालून तो रुमाल काढला. त्यातला ट्रेसिंगचा तुकडा उलगडला, अंगठा फिरवला, उलटला, पुन्हा फिरवला आणि माझ्या तळहातावर ठेवला. खरखरीत बाजू वर. वर्तुळ उजव्या कोपऱ्यात.

"सरळ ठेवला की किल्ला डावीकडे, उलटा ठेवला की उजवीकडे," ते म्हणाले. "किल्ल्याला काही फरक पडला नाही रे."

"तुम्हाला पडला."

त्यांनी रिकाम्या रुमालाची घडी घातली. "पडला," मग म्हणाले. "लोक हसले त्याचं नाही. लोक हसतातच. पण रविवार गेले. आणि त्या म्हाताऱ्याने मला एवढं नीट वळवून दाखवलं, ते पुढे कोणाला दाखवायचं राहून गेलं."

"मी सांगतो सगळ्यांना. येत्या गणपतीत मांडवात उभा राहून सांगतो."

"सांग," ते म्हणाले. "सांगावंसं मलाही वाटतं." एवढं बोलून त्यांनी माझा हात थोपटला.

मला वाटलं होतं ते नको म्हणतील. त्यांनी नको म्हटलं असतं तर मी सुटलो असतो.

तो तुकडा त्यांनी मलाच दिला. त्या गणपतीत मी उभा राहिलो नाही. तेव्हा मी कचेरीत नकलांचा प्रमुख झालो होतो, हाताखाली सहा मुलं होती. त्यांना मी 'बाजू बघितली का?' असं विचारत होतो. काका त्याच थंडीत गेले. त्यानंतर सांगायचं कोणासाठी, असं मी स्वतःला विचारलं आणि हा प्रश्न मला पुष्कळ वर्षं पुरला.

स्मरणिका वाचल्यावर मी तीत छापलेल्या क्रमांकावर फोन केला. संपादन करणारी मुलगी घरी आली. चुणचुणीत, कॉलेजात शिकवते. मी तिला सगळं सांगितलं, तुकडा दाखवला.

"आजोबा, आम्ही तर गंमत म्हणून छापलं," ती म्हणाली. "कोणीतरी आजोबांनी सांगितलेलं. पण मला नीट कळलं नाही. डावीकडे म्हणजे नक्की कुठून बघायचं?"

"पावणेपाचला वेळ आहे का तुला?"

तिने रिक्षा केली. पारनाक्यापासून चालणं आता मला जमत नाही. ते दुमजली घर कुठे होतं तेही सापडलं नाही. खाडीच्या काठावर गाड्यांची वर्दळ, पुलाचा आवाज, रेतीच्या होड्या नाहीत. मी काठी तिच्याकडे दिली, तिचे खांदे दोन्ही हातांनी धरले आणि तिला पाण्याकडून हलकेच डावीकडे वळवलं. सूर्य खाली येत होता.

"अहो, किल्ला तर डावीकडेच आहे," ती म्हणाली.

"तिथेही डावीकडेच होता," मी म्हणालो. "आता लिहून घे. नकाशा कोणी काढला होता, ते नावासकट लिही."